थेंबाचा माग

ज्या बुलेटखाली तेलाचा डाग नाही तिच्या इंजिनात तेलच नाही असं खुशाल समजावं, असं जुने मिस्त्री सांगतात. सांगताना हसतात, पण त्यांची अर्धी खात्री असते. ओतीव लोखंडाच्या इंजिनाची एन्फिल्ड ज्यांच्या दारात उभी राहायची त्यांच्या अंगणाला, ओट्याला, जे काही दारासमोर असेल त्याला काळे ठिपके पडलेले असायचे. गाडी बाहेरगावी गेली तरी ठिपके घरीच राहायचे आणि नव्या माणसाला घराची खूण सांगायला उपयोगी पडायचे. त्यांची लाज कुणाला वाटत नसे. ज्याला परवडतं त्याचंच तेल गळतं, असा थोडा रुबाबच त्यात होता.

शहरात अंगणं गेली आणि रुबाबाची जागा सूचना फलकानं घेतली. पुण्यात आमच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले. त्यांच्या रंगावरून, जाडीवरून आणि मुख्य म्हणजे खर्चावरून इतक्या सभा झाल्या, की ब्लॉक एकदाचे बसले तेव्हा काही सभासदांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्या ब्लॉकांवर पहिला काळा डाग उमटला आणि फलकावर कागद लागला : ‘काही सभासदांच्या वाहनांतून तेलगळती होत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी त्वरित बंदोबस्त करावा.’ यातलं अनेकवचन निव्वळ सभ्यतेपोटी होतं. पार्किंगमध्ये बुलेट एकच आहे, ती माझ्या वडिलांची आहे, आणि हे सचिवांना चांगलं माहीत आहे. कागद चिकटवून येताना जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी ‘आप्पा बरे आहेत ना?’ असं आपुलकीनं विचारलं होतं.

आप्पा गुरांचे डॉक्टर होते. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, त्यातली पुष्कळशी माण-खटावच्या बाजूला. गाडी साडेतीनशे स्टँडर्ड, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. कॅरिअरला चामड्याची बॅग, बॅगेत कॅल्शियमच्या बाटल्या. कारण नुकतीच व्यालेली दुभती गाय रात्री खाली बसली की उजाडायची वाट बघून चालत नाही. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. माझ्याकडे राहायला आले तेव्हा सामानाच्या टेम्पोत बुलेटही आली. ‘विकायची का?’ असं घरात एकदा कुणीतरी विचारलं, त्यानंतर कुणी विचारलं नाही. ती मी चालवते. तिला किक मारायला ताकदीपेक्षा रीत लागते. किक हळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकंप्रेसरचा खटका ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, खटका सोडायचा आणि मग एकच सणसणीत किक. चौकातल्या रिक्षावाल्यांसमोर एकदा ती एका किकेत चालू झाल्यापासून त्यांनी मला काकू म्हणणं सोडलंय.

फलकावरचा कागद वाचून मदतीला माणसं आली. गाडीखाली तेल दिसलं की पुण्यातला माणूस थांबतो, वाकतो आणि निदान सांगतो. हे त्याला टाळता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ‘क्रँकचं ऑइल सील गेलं’ असं सांगितलं आणि मॅनेजरच्या थाटात सही केल्यासारखी मान हलवली. दूधवाल्यानं खाली न उतरताच ‘चेनकेस’ असा निकाल दिला. आयटीतल्या एका मुलानं मात्र खरोखर फरशीवर आडवं पडून मोबाइलच्या उजेडात फोटो काढले आणि हेड गॅस्केट असणार, इंजिन उतरवावं लागेल, असं गंभीरपणे सांगितलं. एक गॅरेजवाला बोलावला होता. त्यानं गाडीकडे न बघता माझ्याकडे बघून आकडा सांगितला. ‘मॅडम, पूर्ण पॅकिंग सेट टाकून घ्या. टेन्शन नको.’

पूर्ण पॅकिंग सेट टाकायचा म्हणजे इंजिन जिथं जिथं जोडलेलं आहे तिथं तिथं सोडवायचं. जिथून गळतंय तेही उघडायचं आणि जिथून चाळीस वर्षं गळलं नाही तेही उघडायचं. उघडलेलं सगळं पुन्हा तितकंच घट्ट बसेल याची हमी कुणी देत नाही. जुन्या बुलेटच्या निम्म्या गळत्या आधीची गळती दुरुस्त केल्याच्या दिवशी सुरू होतात, असं माझं मत होत चाललंय.

आप्पा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. गॅरेजवाला गेल्यावर म्हणाले, “कुणाला हात लावू देऊ नकोस. तू पण लावू नकोस. आधी बघ.”

मग त्यांनी त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. जनावराला तोंड असतं, पण कुठं दुखतं ते सांगता येत नाही. मालक सांगतो त्यातलं निम्मं त्याला शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं. म्हणून गोठ्यात शिरल्या शिरल्या हात लावायचा नाही, दारातच उभं राहायचं. कान कसे आहेत, रवंथ चाललंय का, कुठल्या पायावर भार टाकलाय, आणि शेण कसं पडलंय. “शेण फार बोलतं,” आप्पा म्हणाले, “आणि तू ते रोज सकाळी पाण्यानं धुऊन टाकतेस.”

त्यांचा रोख डागाकडे होता.

तेव्हापासून गाडीखाली वर्तमानपत्र पसरणं सुरू झालं. दोन्ही चाकांभोवती खडूनं रेघा मारल्या, म्हणजे गाडी रोज त्याच जागी उभी राहील. साइड स्टँड बंद. कारण त्यावर गाडी डावीकडे कलते आणि तेलाला उतार मिळून थेंब भलत्याच ठिकाणी पडतो. मधल्या स्टँडवर गाडी सरळ उभी राहते आणि थेंब आपली जागा फारशी बदलत नाही. रविवारची पुरवणी यासाठी उत्तम. एकदा बरोबर राशिभविष्यावर थेंब पडला, तूळ राशीला, जिथं खर्चावर नियंत्रण ठेवा असं लिहिलं होतं. आप्पांची रास तूळच. त्यांनी तो कागद जपून ठेवायला सांगितला, अर्थात थेंबासाठी.

कारण थेंबही एका जातीचे नसतात. जुन्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा आणि दोघांना जोडणाऱ्या साखळीची पेटी म्हणजे चेनकेस वेगळी. तिघांचं खाणंपिणं वेगळं. इंजिनाचं तेल काळं आणि पातळ, बोटांत चोळलं तर जळका वास येतो. चेनकेसमधलं त्यामानानं स्वच्छ, कारण तिथं काही जळत नाही. त्यात पॉवर स्टीअरिंगसारख्या कामाचं लालसर तेल घातलं असेल तर डागाच्या कडेला गुलाबी झाक दिसते. गिअरबॉक्समध्ये तर ग्रीस आणि तेल यांची दाट खीर असते, ती थेंब होऊन पडण्याऐवजी ओघळून लोंबते. पुढच्या फोर्कमधलं तेल पुढच्या चाकाजवळच पडणार. आणि पेट्रोल गळत असेल तर डाग राहतच नाही, वास राहतो. हे सगळं माहीत असलेला माणूस कागदावरच्या डागाला बोट लावून, चोळून, हुंगून निम्मी मंडळी निर्दोष सोडू शकतो. आप्पांनी चष्मा काढला, बोट हुंगलं आणि सांगितलं : इंजिनाचं. दूधवाल्याचं चेनकेस तिथंच सुटलं.

बुलेटच का गळते, याचं उत्तर थोडं तिच्या कुंडलीत आहे. ही इंग्लंडातल्या रेडिचची गाडी. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी भारत सरकारनं साडेतीनशेच्या ८०० बुलेटी मागवल्या आणि त्यातून १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा मूळ कारखाना बंद झाला, पण मद्रासला तेच इंजिन, जवळपास त्याच घडणीचं, २००९-१० च्या सुमारापर्यंत निघत राहिलं. त्या घडणीत क्रँककेस उभी चिरलेली असते, डावा अर्धा आणि उजवा अर्धा. म्हणजे दोन अर्धुकांचा जोड थेट खाली, जिथं तेल साठतं तिथून जातो. होंडानं साठीच्या दशकात आपली इंजिनं आडवी चिरली, त्यामुळे जोड तेलाच्या पातळीच्या वर राहिला आणि जपानी गाड्यांखालची फरशी कोरडी राहू लागली. आपल्याकडच्या राजदूत, येझदी, चेतक या टू-स्ट्रोक मंडळींना हा प्रश्नच आला नाही. त्यांचं इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच कालवलेलं असायचं. ते खाली न गळता मागच्या माणसाच्या नाकात जायचं. नंतर एन्फिल्डनंही इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत घेतले. जोड कमी झाले, पॅकिंग सुधारलं, गळती थांबली. आणि लगेच जुने मालक म्हणायला लागले, आता ती बुलेट राहिली नाही.

तर तेल इंजिनाचं होतं. पण कुठून? इथं बहुतेक लोक फसतात, कारण ते खाली बघतात. तेल एकदा बाहेर आलं की त्याला दोनच गोष्टी कळतात, उतार आणि वारा. वर कुठंतरी पाझरलेलं तेल खाचांतून उतरतं, वाऱ्यानं मागे सरकतं, सापडेल त्या बोल्टच्या डोक्यावर जमतं आणि तिथून टपकतं. बोल्ट बिचारा निरपराध असतो आणि पाना घेऊन सगळे त्याच्याच मागे लागतात. नियम उलटा आहे : सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. पण आमच्या गाडीवर ती शोधायची कुठून? सगळं इंजिनच ओलं, काळं आणि बोटभर जाड किटणानं मढलेलं.

म्हणून धुणं. तेलगळतीच्या दुरुस्तीत पाना चालवण्याचं काम थोडं आणि धुण्याचं फार, हे कुणी सांगत नाही, कारण धुण्याचे पैसे मागता येत नाहीत. पूर्वी यासाठी रॉकेल असायचं. आता डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश. इंजिन थंड असताना, उघड्यावर, आसपास कुणी विडी ओढत नाही ना ते बघून. कार्बोरेटरच्या तोंडाला फडकं बांधायचं. सर्व्हिस सेंटरमधल्यासारखा पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही. तो नको तिथं शिरतो आणि मग गळती बाजूला राहून गाडी चालूच होत नाही. काडीनं खाचा खरवडायच्या, डिझेल लावायचं, मुरू द्यायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. शेवटी साबणाचं पाणी आणि सुती फडकं.

हे काम मला मनापासून आवडलं. किटणाखालून इंजिनाचा नंबर निघाला. सिलिंडरच्या पात्यांच्या मधल्या खाचा दिसू लागल्या. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीतून कडब्याचं एक पातं निघालं, तेलात मुरून काळं कुळकुळीत झालेलं. आप्पांनी ते हातात घेऊन ‘शाळू’ असं सांगितलं. मला विचाराल तर कडबा तेलात मुरल्यावर शाळूचा की दुसऱ्या कुठल्या ज्वारीचा हे कळणं अशक्य आहे. पण त्यांना कुणी आडवं विचारत नाही.

धुतलेली गाडी रात्रभर उभी केली. सकाळी कागद कोरडा. पुढच्या सकाळीही कोरडा. सचिवांनी येता-जाता कागदाकडे बघून ‘झालं वाटतं’ म्हटलं. झालं काहीच नव्हतं. मी फिरवून आणली की डाग हजर. याचा अर्थ आमच्या वॉचमन मामांनी लावला. ते रात्रभर तिथंच असतात, त्यामुळे त्यांच्याइतकं ती गाडी कुणीच बघितलेली नाही. “ताई, उभ्या गाडीचं पडतच नाही. तुम्ही आणून लावली की पडतं. निवली की थांबतं.”

या तीन वाक्यांत इतकी माहिती होती, की आप्पा खुर्चीत सरळ बसले. उभ्या गाडीतून गळत असेल तर तेल आपल्या वजनानं खाली येतंय, म्हणजे भोक तेलाच्या पातळीखाली आहे : तळाचा नट, त्याचं वॉशर, क्रँककेसचा जोड. चालत्या गाडीतून गळत असेल तर तेलाला आतून कुणीतरी ढकलतंय, आणि मग भोक पातळीच्या वर कुठंही असू शकतं. बँक अधिकारी आणि आयटीतला मुलगा यांची निदानं अगदीच बाद झाली असं नाही, पण ती आता रांगेत मागे गेली. मामांना हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, मग मी तेच तर म्हणलो.

यानंतरची पायरी पावडरची. स्वच्छ, कोरड्या इंजिनावर पांढरी पावडर भुरभुरायची, गाडी तापवायची आणि पांढऱ्यावर पहिली काळी रेघ कुठं उमटते ते बघायचं. इतका साधा आणि इतका खात्रीचा उपाय क्वचितच असतो. तळमजल्यावरच्या काकूंनी रांगोळी देऊ केली, ती आप्पांनी परत पाठवली. रांगोळी म्हणजे दळलेला शिरगोळा, दगड. तो इंजिनाच्या आसपास नको. अंगाला लावायची टाल्कम पावडर मऊ असते. आईच्या कपाटात एक अख्खा डबा निघाला. पार्किंगमध्ये सगळीकडे चंदनाचा वास आणि त्यात पांढरीफटक बुलेट. येणारेजाणारे गाडीला की आप्पांना नमस्कार करावा अशा विचारात पडलेले दिसत होते.

उभ्या जागी इंजिन चालू ठेवून काहीच झालं नाही. मग मी कात्रजच्या जुन्या घाटात नेली. घाटात इंजिनावर भार पडतो, ते तापतं, आत जे काही ढकलणारं आहे ते जोर करतं. परत आले तेव्हा वाऱ्यानं बरीच पावडर उडून गेली होती, पण जी राहिली ती पुरेशी होती. मामांनी बॅटरी धरली. उजव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी, टॅपेटच्या झाकणाची खालची कड चंद्रकोरीसारखी काळी झालेली होती आणि तिथून एक बारीक ओघळ गिअरबॉक्सच्या दिशेनं गेला होता. बाकी सगळं पांढरं. हेड कोरडं, क्रँककेसचा जोड कोरडा.

हे टॅपेटचं झाकण म्हणजे तळहातात मावेल एवढं, एका नटवर बसणारं, आत कॉर्कचं पॅकिंग. टॅपेट सेट करायला ते प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडतात. आणि नट एकच असल्यामुळे प्रत्येक मिस्त्री तो आधीच्यापेक्षा थोडा जास्त पिळतो. गळतंय? पिळा. अजून गळतंय? अजून पिळा. झाकण मधोमध दाबलं जातं, कडा वर उचलल्या जातात आणि कॉर्क मधून चिरडतो. म्हणजे जितकं आवळावं तितकं गळतं. डावीकडच्या चेनकेसचंही हेच : एवढं मोठं कव्हर, तेही मधल्या एकाच नटवर, कडेनं रबराची रिंग. रेडिचच्या त्या इंजिनिअरला नटांचा इतका तिटकारा का होता, कोण जाणे.

मी पाना घ्यायला उठले तर आप्पांनी पुन्हा थांबवलं. झाकण गळतंय हे लक्षण झालं. ढकलणारा कोण?

हा प्रश्न फार कमी मिस्त्री विचारतात, आणि सगळी गंमत याच प्रश्नात आहे. बुलेटचा एकुलता पिस्टन ७० मिलिमीटर रुंद आणि ९० मिलिमीटर खाली-वर जाणारा, म्हणूनच ती ३४६ सीसी. वर स्फोट होतो ते सगळ्यांना माहीत असतं. खाली काय होतं तिकडे लक्ष जात नाही. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली तेवढीच, म्हणजे पाव लिटरच्याही वर हवा दाबतो. सावकाश चालत्या इंजिनातसुद्धा हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. त्या हवेला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. जुन्या गाड्यांत ब्रीदरच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर; पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. त्यामुळे आत किंचित ओढ राहते आणि तेल आतल्या आत राहतं. ती चोच कडक झाली, चिकटली किंवा नळीत किटण साठलं, की हवा दुसरी वाट शोधते. सगळ्यात कमजोर पॅकिंग कुठलं असेल ते तिला आपल्याआधी सापडतं. ते बदललं की ती पुढचं शोधते. पूर्ण पॅकिंग सेट टाकूनही ज्यांच्या गाड्या गळतात, त्यांनी ही चोच एकदा बघावी.

आमच्या गाडीची चोच बघितली. ती खजुराच्या बीसारखी कडक होऊन बंद बसलेली होती.

आणखी एक गोष्ट निघाली. तेल तपासायच्या काडीवर पातळी वरच्या खुणेच्याही वर. गळतंय म्हणून घाबरून लोक वरून ओततात, जास्त झालेलं तेल ब्रीदरवाटे किंवा मिळेल त्या फटीतून बाहेर येतं, ते बघून आणखी ओततात. बरेच दिवस उभी असलेली गाडी तर वेगळाच तमाशा करते. तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या खोलीत उतरतं, काडीवर पातळी कमी दिसते, कुणीतरी भर घालतं, आणि चालू केल्यावर ब्रीदर पिचकारी मारतो. म्हणून आधी चालू करायची, थोडी तापवायची, बंद करून जरा थांबायचं आणि मग काडी बघायची. वरच्या खुणेच्या थोडं खालीच बरं.

सामान आणायला नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीच्या सुट्या भागांसाठी दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. दुकानं एकमेकांना खेटून, दारात टायर, आत छतापर्यंत खोकी आणि काउंटरवर असा माणूस, की ज्याला तुमच्या गाडीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि ती सांगण्यात ज्याला रस नाही. मी टॅपेट कव्हरचं कॉर्क आणि ब्रीदरचं रबर मागितलं. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. “सहा व्होल्ट का बारा?” मी सांगितलं. “कोणी सांगितलं ब्रीदर बदलायला?” वडिलांनी, म्हटलं. “कुठं गॅरेज आहे त्यांचं?” गुरांचे डॉक्टर आहेत, असं सांगितल्यावर त्यानं काही न बोलता आतून चांगल्यातलं रबर काढलं, दोन मिळून दोन चहांचे पैसे घेतले आणि कॉर्क रात्रभर तेलात भिजवा एवढं मात्र फुकट सांगितलं.

झाकण बसवण्याआधी ते सपाट करावं लागलं. त्यासाठी फोटोफ्रेमची काच टेबलावर ठेवायची, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर आणि झाकणाची कड त्यावर आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. जिथं चमक येते तिथं उंचवटा, जिथं काळं राहतं तिथं खड्डा. सगळी कड सारखी चमकेपर्यंत फिरवायचं. फोटोफ्रेम कुणाच्या लग्नातली होती ते इथं सांगत नाही. गावाकडे असताना आप्पा पॅकिंग पोस्टकार्डाचं कापायचे. झाकण कार्डावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं हलके ठोके दिले की तेवढाच कागद तुटून येतो. एरवी लग्नपत्रिकाही चालते, जाड असली तर. पत्रिका आली की आमच्या घरी आधी तिची जाडी बघायचे, मग मुहूर्त.

कॉर्कला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हात, झाकण जागेवर, नट आधी बोटांनी. बोटांचा जोर संपला की पान्यानं पाव फेरा. “बास,” आप्पा म्हणाले. मला सवयीनं आणखी थोडं आवळावंसं वाटत होतं; ते माझ्या हाताकडेच बघत होते. चोच बदलायला त्याहून कमी वेळ लागला. मग सगळं तेल काढलं, नवीन घातलं, काडीच्या वरच्या खुणेच्या थोडं खाली ठेवलं. पाना हातात घेतल्यापासून खाली ठेवेपर्यंत चहा गार झाला नव्हता असं म्हणणार होते, पण तेल निथळायला बराच वेळ लागतो, तेव्हा चहा दोनदा झाला.

पुन्हा पावडर, पुन्हा कात्रजचा घाट. उजवी बाजू पांढरी राहिली. चेनकेसच्या खालच्या कडेला मात्र एक ओलसर रेघ दिसते, आठवड्यात एखादा थेंब जमेल इतपत. मी तिकडे बोट दाखवलं. आप्पांनी बघितलं आणि म्हातारपणी एवढं चालायचंच, असं सांगून ते वर जेवायला गेले. चेनकेसच्या त्या एका नटाला आम्ही हात लावलेला नाही. खाली पत्र्याचा ट्रे ठेवला आहे. ब्लॉकवरच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून घासलं, मग कपड्याची पावडर. डाग गेले नाहीत, फिके झाले. फलकावरचा कागद निघाला. त्या जागी आता कबुतरांना दाणे टाकणाऱ्या ‘काही सभासदांविषयी’ सूचना आहे.

राहिलं काढलेलं तेल. जुनं तेल टाकून द्यायचं नाही, हे आपल्या घराघरांत पूर्वीपासून होतं : मांडवाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, गाडीच्या आसाला वंगण म्हणून ते वापरलं जायचं. आता खांब सिमेंटचे आणि बैलगाड्या नाहीत, त्यामुळे लोक ते मुकाट्यानं पार्किंगच्या गटारात ओततात. पुण्यात ते गटार नाल्याला मिळतं आणि नाला मुठेला. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणती होते, त्याच्या शुद्धीकरणाचे कारखाने आहेत, आणि बहुतेक मोठ्या गॅरेजांत ते साठवायचं पिंप असतं. घरी तेल बदललंत, तर जुनं तेल नव्याच्याच रिकाम्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि पुढच्या वेळी त्या रस्त्यानं जाल तेव्हा तिथं देऊन या. ते घेतात, पैसे मागत नाहीत.